चिपट्यून हेही हातांनी वाजवायचे संगीत आहे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत नुकतेच प्रसिद्ध झालेले एक पत्र मी लक्षपूर्वक वाचले. एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात काही मुलांनी टेबलावर छोटी यंत्रे मांडली, त्यांतून जुन्या व्हिडिओ गेमसारखे आवाज काढले, त्यात वादन असे काही नव्हते, बटण दाबले की यंत्र आपोआप वाजत होते आणि मिरवणुकीतला डीजे व हा प्रकार यांत फरक करण्याचे कारण नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रलेखकांची डीजेविषयीची तक्रार रास्त आहे. लग्नसराईत आणि विसर्जनाच्या वेळी स्पीकरच्या भिंतींनी घरातील म्हाताऱ्या माणसांचे काय हाल होतात, हे खान्देशात कोणाला वेगळे सांगायला नको. परंतु त्यांनी ज्या मुलांवर हा ठपका ठेवला, ती मुले काय करत होती हे समजून घेतल्याखेरीज तो ठेवला गेला, असे मला वाटते. मी इलेक्ट्रॉनिक्स हा विषय शिकवणारा माणूस असून संवादिनीही वाजवतो, म्हणून या दोन्ही बाजूंनी काही सांगू इच्छितो.

या संगीताला चिपट्यून म्हणतात. १९८०च्या दशकातील घरगुती संगणकांत आणि खेळाच्या यंत्रांत संपूर्ण गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याइतकी स्मृती नव्हती. त्यामुळे आवाज निर्माण करणारी एक चिप बसवलेली असे आणि कोणता स्वर, किती जोराने, किती वेळ एवढे आकडे तिला क्षणोक्षणी पाठवले जात. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या संगणकातील सिड ही चिप बॉब यानेस या अभियंत्याने आखली होती आणि तिच्यात आवाज होते फक्त तीन. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या खेळाच्या यंत्रात दोन पल्स, एक त्रिकोणी तरंग, एक नॉइज (स्वर नसलेली सळसळ) आणि छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा एक, असे पाच चॅनल, म्हणजे आवाजाचे स्वतंत्र मार्ग, होते. १९८९च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रात दोन पल्स, एक नॉइज आणि वादकाला स्वतः आखता येईल असा ३२ बिंदूंचा एक तरंग, असे चार. पल्स म्हणजे वर-खाली उडी मारणारा चौकोनी तरंग. तो एका फेरीत किती वेळ वर राहतो, १२.५ टक्के, २५ टक्के की ५० टक्के, यावर त्याचा रंग ठरतो. ५० टक्क्यांचा आवाज पोकळ आणि भरदार लागतो, तर १२.५ टक्क्यांचा नाकातला आणि टोकदार.

आपल्याकडे १९९०च्या दशकात दुकानांतून जे टीव्ही गेम मिळत, ती बहुतेक फॅमिकॉमची नक्कल केलेली यंत्रे होती आणि त्यांपैकी काहींच्या चिपमध्ये २५ व ५० टक्क्यांच्या पल्सची अदलाबदल झालेली होती. अशा यंत्रावर खेळलेल्या आमच्या पिढीच्या कानांत त्या धुनांचा जो रंग बसला आहे, तो मूळ जपानी यंत्राच्या रंगापेक्षा वेगळा आहे. हे मला फार मोलाचे वाटते. येथल्या मुलांनी या आवाजांतून संगीत केले, तर ते परक्या आठवणींवर उभे राहील असे समजण्याचे कारण नाही.

आता हातांविषयी. अमळनेरला एका छोट्या सभागृहात मी एका तरुणाचे वादन अगदी टेबलाजवळ उभा राहून पाहिले. टेबलावर एक गेम बॉय, एक छोटा अ‍ॅनालॉग सिंथ (विजेच्या मंडलांतून स्वर निर्माण करणारे वाद्य), एक डिले (प्रतिध्वनी देणारे यंत्र), एक रिव्हर्ब (सभागृहासारखी घुमारी देणारे यंत्र) आणि चार चॅनलचा मिक्सर एवढेच होते. गेम बॉयमध्ये योहान कोटलिन्स्की या स्वीडिश प्रोग्रामरने केलेली एलएसडीजे ही संगीत रचण्याची प्रणाली होती. सगळेच त्या क्षणी हातांनी वाजते, असा दावा मी करणार नाही. सोळा पायऱ्यांची छोटी स्वरवाक्ये त्याने आधी लिहून ठेवलेली होती. पण ती कोणत्या क्रमाने येतील, कोणता चॅनल कधी गप्प राहील, पल्सचा रंग कोठे बदलेल, हे तो तेथेच ठरवत होता. पुढचे वाक्य त्याला आधीच निवडून ठेवावे लागे, कारण चालू वाक्य संपल्यावरच ते सुरू होते. म्हणजे कान एका आवर्तनात आणि अंगठा पुढच्या आवर्तनात, अशी ती स्थिती होती.

त्याचा उजवा हात डिलेच्या फीडबॅकच्या, म्हणजे प्रतिध्वनी पुन्हा आत फिरवणाऱ्या, नॉबवर होता. हा नॉब एका मर्यादेपलीकडे गेला की प्रतिध्वनी विरण्याऐवजी दर फेरीला वाढत जातो आणि काही क्षणांत सगळे सभागृह व्यापून टाकतो. त्या तरुणाने तो मर्यादेच्या जरा पुढे नेला, वाढत जाणाऱ्या त्या गुंजारवाखाली नॉइजचा चॅनल तीन वेळा उघडून मिटला आणि तिसऱ्या मिटण्याबरोबर नॉब मागे ओढून समेवर नुसता त्रिकोणी तरंगाचा षड्ज उरवला. माझ्या शेजारी लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारे एक गृहस्थ उभे होते. सुरुवातीला ते 'हाई काय शे रे भाऊ' असे विचारत होते, पण या तिहाईला त्यांची मान समेवर बरोबर हलली. नॉब अर्धा क्षण उशिरा मागे आला असता, तर सम बुडाली असती. चुकण्याची अशी जागा जेथे असते आणि ती वादकाच्या हातात असते, तेथे वादन नाही असे कसे म्हणता येईल?

इफेक्टच्या यंत्रांबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण ती केवळ आवाज सजवण्यासाठी असतात असा समज आहे. जुन्या यंत्रांत प्रतिध्वनी नव्हता. तेव्हाचे संगीतकार एका पल्सवर वाजणारी धून दुसऱ्या पल्सवर थोड्या उशिराने आणि हळू आवाजात वाजवून प्रतिध्वनीचा आभास करत, म्हणजे मोजक्या चॅनलपैकी एक त्यातच खर्च होई. बाहेरून डिले जोडला की तो चॅनल मोकळा होतो आणि त्यावर जबाब देणारी दुसरी धून ठेवता येते. रचनाच बदलते. डिलेचा काळ लयीला बांधलेला असावा लागतो: मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते आणि पाऊण मात्रेचा डिले ३७५ मिलिसेकंदांचा. हा पाऊणपटीचा प्रतिध्वनी सरळ चालणाऱ्या धुनेला आडवा जातो आणि ज्याला आपल्याकडची आड लय ठाऊक आहे, त्याला त्यात लगेच रस वाटू लागतो. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग डिलेत आवाज कपॅसिटरच्या रांगेतून एकाकडून दुसऱ्याकडे दिला जातो. ही युक्ती फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ साली निघाली. तिच्यात काळाचा नॉब वाजता वाजता फिरवला, तर आत असलेला स्वर चढतो किंवा उतरतो. चिपला वरच्या सप्तकात जे अखंड घसरणे जमत नाही, ते तिच्या प्रतिध्वनीत असे आणता येते. रिव्हर्ब मात्र जपून वापरावा लागतो. चिपट्यूनमध्ये एकाच चॅनलवर तीन स्वर सेकंदाला ५० किंवा ६० वेळा बदलत फिरवून स्वरमेळाचा भास निर्माण करतात. त्यावर मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब टाकला की त्या सगळ्याचा गोळा होतो.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, हा आपल्या संगीताचा प्राण, म्हणून तिच्याविषयीही लिहितो. गेम बॉयच्या पल्सची कंपनसंख्या १,३१,०७२ या संख्येला एका पूर्णांकाने भागून येते, त्यामुळे तिला स्वरांमधल्या पायऱ्या असतात. २०० हर्ट्झच्या आसपास एक पायरी सुमारे ०.३ हर्ट्झची, म्हणजे कानाला न कळणारी असते. १००० हर्ट्झजवळ तीच साडेसात हर्ट्झच्या पुढे जाते आणि २००० हर्ट्झच्या पुढे तर सर्वांत लहान श्रुतीहूनही, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतराहूनही, मोठी होते. परिणाम असा की मंद्र आणि मध्य सप्तकात गेम बॉय सुरेख मींड घेतो, तर वर गेल्यावर मींड तुटक, दाणेदार होते. जाणता वादक आपला षड्ज खाली धरतो आणि वरच्या सप्तकात मींडेऐवजी खटका व कण, म्हणजे झटक्याने स्पर्शून जाणारे स्वर, घेतो. कमोडोरच्या सिडमध्ये ही पायरी सगळीकडे सुमारे ०.०६ हर्ट्झचीच असल्याने तेथे मींड कोठेही घेता येते. शिवाय सिडमधील फिल्टर अ‍ॅनालॉग आहे आणि एका चिपचा फिल्टर दुसऱ्या चिपसारखा लागत नाही. संवादिनी वाजवणाऱ्या मला याचे विशेष वाटते, कारण आमच्या वाद्याला मींड नाही ती नाहीच, आणि तिच्या अभावातही रागाची जागा दाखवण्याची कसरत आम्ही आयुष्यभर करतो.

तालाचेही तसेच आहे. ही यंत्रे सोळा पायऱ्यांची, म्हणून त्यांवर पाश्चात्त्य चालीचेच संगीत होईल, असे कोणी म्हणेल. पण एलएसडीजेमध्ये वाक्य मध्येच तोडून पुढच्या वाक्यावर उडी मारण्याची आज्ञा आहे आणि कोर्ग कंपनीच्या छोट्या व्होल्का सिंथमध्ये नको त्या पायऱ्या वगळता येतात. बारा पायऱ्या ठेवल्या की दादरा बसतो, चौदा ठेवल्या की रूपक. केरव्याला तर काही करावेच लागत नाही. शिवाय आपल्या संगीताला एका वेळी लागते ते किती? एक धून, खाली धरलेला एक स्वर आणि ताल. चार चॅनलमध्ये एवढे मावून वर एक उरतो. पाश्चात्त्य संगीतकाराला ज्या मर्यादेशी झगडावे लागले, ती आपल्याला फारशी जाचत नाही. कानबाईची गाणी किंवा आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी थोड्या स्वरांत फिरतात आणि ओळीमागून ओळ थोड्या फरकाने परत येतात. त्या चालींवर या यंत्रांतून काम व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र ते करणाऱ्याने आधी त्या बायकांसमोर बसून ती गाणी ऐकावीत. मोबाइलवरची ऐकीव चाल उचलू नये.

खान्देशात हे वाजवताना दोन अडचणी येतात, त्यांतील पहिली उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अ‍ॅनालॉग सिंथमधील स्वर ट्रान्झिस्टरच्या तापमानाशी बांधलेला असतो. सकाळी घरात लावलेला सूर संध्याकाळी मंडपात उतरलेला किंवा चढलेला सापडतो. याउलट चिपचा स्वर क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यांना भागून येत असल्याने तो जागचा हलत नाही. म्हणून दोन्ही एकत्र वाजवायचे असतील तर सिंथ अर्धा तास आधी सुरू करून तापू द्यावा आणि मग गेम बॉयच्या षड्जाशी तो जुळवावा, चिपला सिंथशी जुळवण्याच्या फंदात पडू नये.

दुसरी अडचण विजेची. टेबलावरची पाच यंत्रे पाच स्वस्त अ‍ॅडॅप्टरवर एका एक्स्टेन्शन बोर्डात लावली आणि साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या फेजवर असला, की ५० हर्ट्झची घरघर हमखास येते. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चालवावा, डिले-रिव्हर्बच्या पेडलना प्रत्येकी अलग असलेला वीजपुरवठा द्यावा आणि मिक्सरमधून निघणारा आवाज डीआय बॉक्समधून (विजेची थेट जोडणी तोडून आवाज पुढे देणाऱ्या पेटीतून) पुढे न्यावा, इतके केले तरी बहुतेक घरघर जाते. यंत्रांची लय एकमेकांशी जुळवण्यासाठी १९८३ सालापासून वापरात असलेली मिडीची पाच पिनांची केबल वापरली, तर तिच्यात संदेश प्रकाशाच्या मार्गाने अलग केलेला असतो आणि तिच्यामुळे घरघर वाढत नाही.

हा नाद आपल्या मातीत नवा आहे, असेही नाही. सुरतमार्गे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या अहमदाबादला, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली मूग सिंथेसायझर आला आणि डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तेथे स्टुडिओ उभा केला. तेथे भारतीय संगीतकारांनी टेपवर रचना केल्या. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर राग वाजवून एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही आणि पुढे काही दशकांनी जगभरच्या जाणकारांनी ती शोधून काढली. आपल्या जिल्ह्यांत आज ही यंत्रे वाजवणाऱ्या मुलांची तशीच उपेक्षा होऊ नये, याच हेतूने हे पत्र लिहीत आहे.

महागड्या यंत्रांचा प्रश्न कोणी विचारील. बाहेरून येणारे सिंथ सामान्य घरातील मुलाला परवडणारे नाहीत, हे खरे आहे. पण आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्रत्येक प्रयोगशाळेत ५५५ ही टायमर चिप पडलेली असते. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली आखलेल्या या चिपवर विद्यार्थी दिवा उघडझाप करण्याचा प्रयोग करतात आणि वही पूर्ण करून विसरून जातात. त्याच दोन चिप एकमेकींना जोडल्या, त्यांना दोन पोटेन्शिओमीटर (फिरवायचे नॉब) आणि एक छोटा स्पीकर लावला, की चौकोनी तरंगाचे एक वाद्य तयार होते. फॉरेस्ट मिम्स यांनी प्रसिद्ध केलेले हे मंडल (सर्किट) जगभरचे हौशी लोक आजही बनवतात. पहिला नॉब स्वराची उंची ठरवतो, दुसरा त्या स्वराला पायरी-पायरीने खाली आणतो. तो फिरवताना अखंड सरकणारा स्वर न मिळता पूर्ण भागाकारांवर उड्या मारणारा स्वर मिळतो, आणि ऑक्टेव्ह व पंचम विद्यार्थ्याच्या बोटांखाली आपोआप सापडतात. सप्तकांचे नाते दुपटीचे का, हे फळ्यावर शिकवण्यापेक्षा असे ऐकवणे मला अधिक फलदायी वाटते. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे जुने कारागीर आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांचे काम कमी झाले आहे, पण सोल्डरिंगचा हात गेलेला नाही. त्यांना शाळा-महाविद्यालयांनी बोलवावे.

डीजेशी तुलना करणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्या जागी ध्वनिक्षेपकाला सर्वसाधारणपणे बंदी आहे. चिपट्यूनला ही मर्यादा मोडण्याची गरजच नाही. चाळीस-पन्नास माणसांच्या बंद सभागृहात दोन छोट्या स्पीकरवर ते उत्तम पोचते. मात्र साउंडवाल्यांनी एक काळजी घ्यावी. चौकोनी तरंगाची शक्ती लाटेची उंची तेवढीच असलेल्या साध्या साइन तरंगाच्या दुप्पट असते आणि त्यात वरच्या कंपनांचा भरणा असतो. लग्नाच्या गाण्यांसाठी ट्रेबल वर केलेल्या भोंग्यांतून तो सोडला तर कान दुखतात, भोंगेही जळू शकतात. ट्रेबल खाली आणावा आणि आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवावा. पत्रलेखकांना स्नेहसंमेलनात जे कर्कश वाटले, त्यात या चुकीच्या जुळणीचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे.

आपल्या भागातील महाविद्यालयांना, गणेशोत्सव मंडळांना आणि वाचनालयांना माझी विनंती आहे की त्यांनी वर्षातून अर्धा तास या वादनाला द्यावा. स्पर्धा ठेवू नये, कारण परीक्षकांना निकष ठरवता येणार नाहीत आणि मुले ओळखीच्या गेमच्या धुना वाजवून टाळ्या घेण्याच्या मागे लागतील. आपण आपल्या पुरवणीत अशा एखाद्या वादकाच्या टेबलाचे छायाचित्र, कोणते यंत्र काय करते या माहितीसह छापावे, अशी आपल्याला विनंती. आयोजकांनी टेबल प्रेक्षकांकडे तिरके ठेवावे आणि शक्य असेल तर वर मोबाइल बांधून वादकाचे हात पडद्यावर दाखवावेत. त्या पत्रलेखकांनी अशा कार्यक्रमाला अवश्य यावे. त्यांच्या शेजारी बसून कोणता हात कोणत्या मात्रेला काय करतो आहे, हे सांगायला मी आनंदाने तयार आहे.

आपला विश्वासू,
इलेक्ट्रॉनिक्सचे एक शिक्षक आणि आपले नियमित वाचक,
भुसावळ